तीस तुमच्या, तीस माझ्या

उज्ज्वला मगदूमला काळजी करायला कारण लागत नसे. कारण मिळालंच तर ती उलट जरा शांत होई, निदान भीतीला नाव तरी सापडलं म्हणून. घराला कुलूप लावून जिना उतरली की कोपऱ्यावरून परत यायची, कुलूप ओढून बघायची, आणि ते नीट लागलेलं पाहून आणखी घाबरायची. कुलूप लागलंय, मग आपण विसरलो ते दुसरं काय?

मिरजेतल्या एका रक्तपेढीत ती बावीस वर्षं तंत्रज्ञ होती. पिशवीवरचा रक्तगट दोघांनी तपासायचा असा तिथला नियम. उज्ज्वला एकटीच तो पाच वेळा तपासायची. रक्तपेढीवाले तिच्यावर खूश होते. रक्तपेढीचं ठीक आहे हो, पण घरच्यांनी काय करायचं? घरचं म्हणजे आता एकच माणूस होतं, लेक ऋजुता, पुण्याला दिलेली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती.

ऋजुताला चौथा महिना लागला आणि उज्ज्वलाने माडीवरची खोली रंगवून घ्यायला काढली. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात विचारायचं काय? पण एका रविवारी लेकीने फोनवर सरळ सांगून टाकलं.

"आई, मी बाळंतपणाला मिरजेला नाही येणार."

"का गं? दवाखान्यांचं गाव आपलं. पंचक्रोशीतली माणसं इथं येतात."

"दवाखान्यांचा प्रश्न नाहीये. तुझा आहे. काल तू मला एकोणीस फोन केलेस. जिना धरून उतरलीस का, पाणी उकळलं होतं का, पोटावर तर झोपली नाहीस ना. तुझं नाव दिसलं की माझं बीपी वाढतं. खरंच वाढतं आई, डॉक्टरांनी मोजून दाखवलंय. मी इथेच राहते, सासूबाई करतील माझं."

फोन ठेवून उज्ज्वला रंगाच्या डब्यापाशी जाऊन बसली आणि पोटभर रडली. लेक परकी झाली याचं वाईट वाटलंच, पण ती खरं बोलली याचं जास्त वाटलं.

आठवड्याच्या आत उज्ज्वलाने 'निवांत' चाचणीत नाव घातलं.

चाचणी होती ती काळजी शमवणाऱ्या नव्या औषधाची, मिरजेसकट बऱ्याच शहरांत चाललेली. एन-सतरा असं त्याचं रुक्ष नाव, लोक त्याला 'निवांत' म्हणत. पहिल्या दिवशी डॉक्टर केतकी सबनीस या तरतरीत बाईंनी चाळीस माणसांना एका खोलीत बसवून सगळं समजावलं.

"आपला मेंदू दिवसभर 'समजा, समजा' करत असतो," त्या म्हणाल्या. "समजा गॅस चालू राहिला, समजा गाडी चुकली. प्रत्येक वेळी एक फाइल उघडते. धोका आला नाही की मेंदू त्या फाइलवर 'झालं' असा शिक्का मारतो आणि ती बंद करतो. तो शिक्का म्हणजे एक रसायन आहे. तुमच्या मेंदूत ते कमी पाझरतं, म्हणून फाइली उघड्याच राहतात. तुम्ही भित्रे नाही, मनाने दुबळे नाही. तुमच्याकडे शिक्क्यांचा तुटवडा आहे, एवढंच."

खोलीतली चार-पाच माणसं डोळे पुसायला लागली. इतकी वर्षं त्यांना असं कुणी सांगितलंच नव्हतं.

"एन-सतरा त्या रसायनाचं सोंग घेतं. दोन तासांत विरून जातं, रक्तात मागे काहीही सापडत नाही, पण तेवढ्यात शिक्के मारून जातं. दिवसाला दोन कॅप्सूल, सकाळ-संध्याकाळ. आता एक महत्त्वाचं. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना खरं औषध मिळेल आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी साखरेची कॅप्सूल. कुणाला काय मिळालं, हे मलाही माहीत नसेल. त्याशिवाय औषधाचा खरा गुण कळत नाही."

आता बघा, काळजीने पोखरलेली चाळीस माणसं एका खोलीत कोंबायची आणि वर त्यांना सांगायचं, की तुमच्यातल्या निम्म्यांच्या हाती खोटं पडणार आहे! पण विज्ञानाची रीत ती, आणि रीत चुकीची नव्हती. ज्यांच्यावर ती चालवली ती माणसं कशी आहेत, एवढंच कुणी लक्षात घेतलं नाही.

बाहेर बाकावर उज्ज्वलाच्या शेजारी नसीम मुजावर बसली होती. अठ्ठावन्न वर्षांची, शाळांचे गणवेश शिवणारी. मनगटावर नुकतीच चिकटवलेली नाण्याएवढी पट्टी ती सारखी चाचपत होती. ठोके आणि घाम मोजून ती पट्टी शंभरपैकी 'चिंतांक' दाखवायची, आणि तो फार चढला की लाल व्हायची.

"तुमचा किती आला, ताई?" नसीमने विचारलं.

"ब्याऐंशी. तुमचा?"

"एक्क्याण्णव." नसीमने उसासा सोडला. "या अल्ला, आणि आता मला साखरच मिळाली तर? साऱ्या जन्मात एक औषध आलं, ते पण नशिबात नको?"

"मला साखर मिळाली तर माझी लेक माहेरी येणार नाही, भाभी."

उज्ज्वलाच्या हातातली औषधाची बाटली घामाने ओली झाली होती. साठ कॅप्सूल, महिन्याच्या. नसीमच्या मांडीवरही तशीच बाटली, तशाच साठ.

आणि मग दोघींच्या डोक्यात तो विचार एकदमच आला. डब्यातली भाजी वाटून खावी तितका सोपा विचार. दोघीतल्या एकीला खरं मिळालं असेल, तर दोघींना निम्मं निम्मं.

"तीस तुमच्या, तीस माझ्या," नसीम पुटपुटली. "सकाळी आपली, संध्याकाळी दुसरीची."

"आणि दोघींनाही साखर असेल तर?"

"ते नका बोलू, ताई! आत्ताच छाती धडधडायला लागली."

नसीमच्या दुकानात, कापडाच्या ताग्यांमागे बसून त्यांनी अदलाबदल केली. बाटलीच्या झाकणात ती कधी उघडली हे टिपणारी चिप होती, त्यामुळे त्या दिवशी झाकण एकदा जास्त उघडलं म्हणून दोघी पुढचे दोन दिवस जीव मुठीत धरून होत्या. कुणी काही विचारलं नाही.

सव्विसाव्या दिवशी उज्ज्वला कुलूप लावून जिना उतरली आणि थेट रक्तपेढीत पोचली. खुर्चीवर बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज आपण परत फिरलो नाही. तिने नसीमला फोन लावला. तिकडे नसीम हसत होती. "ताई, काल मुलाची गाडी उशिरा आली आणि मी झोपून गेले! बसल्या जागी! माझा एकोणपन्नास आलाय."

"माझा चव्वेचाळीस."

म्हणजे दोघींतल्या निदान एकीची बाटली नक्की खरी होती. कुणाची, हे दोघींनी एकमेकींना कधी विचारलं नाही. दर महिन्याला नवी बाटली मिळाली की ताग्यांमागे बसून तीस-तीस वाटून घ्यायच्या, चहा प्यायच्या, आणि नवलाने आपापला आकडा बघत बसायच्या.

सातव्या महिन्यात पुण्याला ऋजुताचं डोहाळजेवण झालं. नव्या वेगवान गाडीने दीड तासात उज्ज्वला तिथे पोचली, पंगतीत वाढू लागली, विहिणीशी पाककृतींवर बोलत बसली. लेक स्टुलावर चढून फुलांची माळ सरळ करायला लागली तेव्हाही ती ओरडली नाही. ऋजुता माळ सोडून आईकडे बघतच राहिली.

निघताना लेकीने तिला दारात धरलं. "आई, आठवा संपला की मी येते मिरजेला. खोली तयार ठेव."

उज्ज्वलाचा जीव भांड्यात पडला. परतीच्या गाडीत तिला इतका आनंद झाला, की शेजारच्या अनोळखी बाईला तिने सगळे डोहाळे सांगून टाकले.

त्यानंतर सोळा दिवसांनी, एका दुपारी, ऋजुताचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "आई, आज बाळ जरा कमीच हलतंय गं."

"झोपलं असेल," उज्ज्वला मेथी निवडत म्हणाली.

"तेच म्हटलं. तुला काही वाटत नाही ना?"

"काय वाटायचंय? मुलं असतातच आळशी."

फोन ठेवला तेव्हा तिची जुडी संपली होती. तिने ती धुऊन चाळणीत निथळत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नसीम शिवणयंत्रावरच कोसळली. दोन दिवस तिचा जबडा आणि डावा हात दुखत होता. गिऱ्हाइकाने विचारलं तेव्हा "दुखतंय काहीतरी, जाईल" म्हणून ती कॉलर शिवत राहिली होती. एरवी शिंक आली तरी दवाखाना गाठणारी बाई! नशीब, गिऱ्हाईक समोर होतं. तासाभरात हृदयाची नळी मोकळी केली, म्हणून वाचली.

उज्ज्वला संध्याकाळी भेटायला गेली. नसीम पांढरीफटक पडली होती, पण चेहरा शांत होता.

"ताई, गंमत ऐका," ती हळूच म्हणाली. "औषधामुळे झालं का ते बघायला डॉक्टरीणबाईंनी माझं पाकीट फोडलं, कुणाला काय दिलं ते असतं ना त्यात. तर म्हणाल्या, भाभी, तुम्हाला साखर होती. औषधाचा काही संबंध नाही."

उज्ज्वलाने मनात हिशेब मांडला. म्हणजे खरी बाटली आपली होती. म्हणजे नसीमने रोज संध्याकाळी घेतलेली कॅप्सूल खरी होती. आणि चाचणीच्या कागदावर आता लिहिलं गेलं होतं, की साखर खाणाऱ्या बाईला झटका आला, औषध निर्दोष.

"भाभी, हे सांगायला पाहिजे."

"नका सांगू." नसीमने तिचा हात धरला. "तुमची लेक यायचीय. बाळंतपण होऊ द्या. आणि मला झोप लागते हो, ताई. चाळीस वर्षांनी झोप लागते."

"सांगू," उज्ज्वला म्हणाली. "उद्या सांगू."

दुसरा दिवस उजाडला आणि तिने सांगितलं नाही. तिसरा उजाडला, तरी नाही. तिला लाज वाटत नव्हती की भीती वाटत नव्हती, फक्त मनात विषय आला की तो आपोआप मिटत होता. अतिदक्षता विभागाच्या काचेतून तिने मैत्रिणीला नळ्या लावलेलं पाहिलं होतं, आणि आपण तेव्हा कशाचा विचार करत होतो हे आठवलं तर चक्क मेथी जून निघाली याचा! माझी एकुलती एक मैत्रीण मरता मरता वाचली आणि मला रडू कसं येत नाही? हा प्रश्नसुद्धा पडला आणि मिटला.

बावीस वर्षं रक्ताच्या पिशव्या तपासलेली बाई ती. खूण चुकीची असली की पिशवी बाजूला काढून पुन्हा तपासायची, हे हाताला माहीत होतं. इथे पिशवी तिचं स्वतःचं डोकं होतं. तिला काळजी करायची होती आणि ती होत नव्हती. तेव्हा तिने ठरवलं, कॅप्सूल थांबवायच्या. वेळेवर झाकण उघडायचं, बंद करायचं, घ्यायचं काही नाही. डोकं आपलं झालं की मग ठरवायचं.

पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी कुलपापाशी पाय घुटमळला. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता रक्तपेढीत ती एक पिशवी हातात धरून उभी होती आणि तिच्यावरचा गट सहाव्यांदा वाचत होती. एकेक मिटलेली गोष्ट उघडायला लागली. नसीमचा जबडा. नसीमचा पांढरा चेहरा. आणि त्या सगळ्यांच्या मागून, मेथीच्या वासासकट, लेकीचा आवाज.

आज बाळ जरा कमीच हलतंय गं.

पिशवी तिने कशीबशी ट्रेमध्ये ठेवली. सात दिवस! सात दिवसांपूर्वी लेक म्हणाली होती आणि नंतर दोघींनी एकमेकींना फोनच केला नव्हता. तिने नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना ती जमिनीवर बसली होती आणि मनगटावरची पट्टी लाल झाली होती.

"बोल," ऋजुताचा आवाज आला.

"बाळ... बाळ हलतंय का?"

"आज आठवलं तुला?"

"ऋजू, सांग आधी!"

"हलतंय. आता हलतंय. त्या दिवशी रात्रीपर्यंत हललं नाही. सासूबाई ओढून घेऊन गेल्या दवाखान्यात. नाळ मानेभोवती आली होती. दोन दिवस ठेवून घेतलं, आता दर तीन दिवसांनी तपासणी आहे. मी जाणारच नव्हते, आई. माहितीये का? मी म्हटलं, माझी आई पाण्याच्या ग्लासालाही घाबरते. तिला काही वाटलं नाही, म्हणजे काहीच नसणार."

उज्ज्वलाला हुंदका आवरेना. रक्तपेढीतली पोरं धावत आली, तिने हातानेच त्यांना परत पाठवलं. तिने लेकीला सगळं सांगितलं, औषध, अदलाबदल, नसीम, सगळं.

"आता मी ते डॉक्टरांना सांगायला चाललेय," ती म्हणाली. "सांगितलं की औषध बंद. मी पुन्हा आधीसारखी होणार, एकोणीस फोनवाली. तू यायचं की नाही ते तू बघ. तुझ्यावर काही सक्ती नाही."

ऋजुताने फोन ठेवून दिला.

डॉक्टर केतकीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आधी त्या चिडल्या, मग त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"छातीतली कळ हीसुद्धा मेंदूच्या लेखी एक उघडी फाइलच," त्या जणू स्वतःशीच बोलत होत्या. "ती उघडी राहते म्हणून तर माणूस दवाखाना गाठतो. हे औषध खऱ्या-खोट्या धोक्यात फरकच करत नाही. सगळ्यावर शिक्का. आम्हाला ते आकड्यांत दिसायला हवं होतं. का दिसलं नाही?" मग त्यांनी मान वर केली. "मगदूमबाई, हे असं तुम्ही दोघींनीच केलं असेल?"

"मला वाटतं, डॉक्टर," उज्ज्वला डोळे पुसत म्हणाली, "त्या खोलीत चाळीस माणसं होती आणि बाहेर बाक दहा होते."

दोन दिवस फोन चालू होते. शिक्षा होणार नाही असं वचन दिल्यावर मिरजेतल्या चाळीसपैकी सव्वीस जणांनी कबूल केलं. कुणी बाकावरच्या शेजाऱ्याशी वाटून घेतल्या होत्या, कुणी जावेशी, आणि एका गृहस्थांनी तर खबरदारी म्हणून तिघांशी. बाकीच्या शहरांतही तेच. दुसऱ्या एका केंद्रातले एक निवृत्त शिक्षक महिन्यापूर्वी छातीत दुखत असताना शांतपणे शब्दकोडं सोडवत गेले होते. त्यांच्या नावापुढेही साखरच लिहिलेली होती, म्हणून कुणी दखल घेतली नव्हती. आता घेतली. चाचणी थांबली.

उज्ज्वला उरलेल्या कॅप्सूल परत द्यायला गेली तेव्हा नसीमही आली होती, मुलाचा हात धरून. ती उज्ज्वलाशी बोलली नाही. बाटली खिडकीत सरकवली आणि वळून चालू लागली. चार पावलांवर थांबून मात्र म्हणाली, "काल रात्रभर जागी होते मी. तुमच्यामुळे." मग थोड्या वेळाने, "जिना सावकाश उतरा, ताई. तिथं पाणी सांडलंय."

ऋजुताचा फोन आठ दिवस आला नाही. उज्ज्वलाने केला नाही. कसा केला नाही ते तिचं तिला माहीत. दिवसातून तीसदा हात फोनकडे जायचा. रंगवलेल्या खोलीची ती रोज फरशी पुसायची, चादर बदलायची, खिडकीचा कडी-कोयंडा तपासायची आणि तिथेच बसून राहायची.

नवव्या दिवशी दुपारी दारात गाडी थांबली. ऋजुता पोट सावरत उतरली, मागे बॅग घेऊन जावई.

"उंबरा आहे!" उज्ज्वला ओरडली. "सावकाश! जोडे निसरडे नाहीत ना?"

"झालं सुरू," ऋजुता म्हणाली. ती आत येऊन टेकली, पाणी प्यायली, आणि मग तिने बोट उगारलं. "हे बघ आई. इथल्या मोठ्या दवाखान्यात नाव घातलंय, सगळे रिपोर्ट आणलेत. पण एक अट आहे. 'हललं का' हे दिवसातून सहा वेळा विचारायचं. सातव्यांदा विचारलंस तर मी रात्रीच्या गाडीने परत."

"आठ," उज्ज्वला म्हणाली.

"सहा."

"बरं, सहा."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारपर्यंत उज्ज्वलाच्या पाच वेळा संपल्या होत्या. एक उरली होती आणि अख्खी संध्याकाळ, अख्खी रात्र पुढे होती. ऋजुता खिडकीपाशी पुस्तक वाचत पडली होती. उज्ज्वला तिच्या पायांशी बसून वाटाणे सोलत होती. सोलून झालेल्या शेंगा ती पुन्हा तपासत होती. मग तिने टोपली बाजूला ठेवली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि खाली बघत बसली. मनगटावरची पट्टी काढून टाकली होती, नाहीतर ती लाल झाली असती.

ऋजुताने पुस्तकातून डोळे वर केले नाहीत. पान उलटता उलटता तिने आईचा एक हात ओढून काढला आणि आपल्या पोटावर ठेवला.

"हललं," ती म्हणाली. "हे धरायचं नाही सहात."